माझ्या नावाने

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

बचत गटाच्या बैठकीतून आले तेव्हा अंधार पडला होता. जेवणं झाली, प्रचाराच्या गाड्यांचे भोंगेही थांबले. आता लिहिते. उद्या पहाटेपासून कापसाची वेचणी आहे, मग राहून जाईल.

गेले ते पोरीच्या सायकलवर. आठवीत असताना तिला ती सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळाली. आता अकरावीत आहे. सकाळी फाट्यापर्यंत सायकल नेते, पुढे एसटी. दुपारी परत आली की सायकल माझी. उंचीने ती माझ्या पुढे गेली, त्यामुळे सीट रोज वरखाली करावी लागते.

तिचं बरंच काही आता माझ्याकडे आलंय. आमच्याकडे बाया वेचणीला साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. मी पोरीचा चौकड्याचा घालते, तिला तो खांद्यात तंग झाला म्हणून. पऱ्हाटीत पहिल्या दिवशी खिशात हात घातला तर पेनाचं टोपण लागलं, कडा चावून चावून पांढरी झालेली. परीक्षेच्या काळात चावत असणार. ते मी काढलं नाही. अजून खिशातच आहे.

माझ्याकडून तिच्याकडे मात्र फारसं काही टिकत नाही. माझ्या आईने मला दिलेले चांदीचे पैंजण दिवाळीत तिला दिले. दोन दिवस घातले आणि डबीत ठेवून परत आणून दिले. म्हणाली, "आई, मी कुठं चालली ते साऱ्या गल्लीले समजते." मला लागलं ते. मी तिच्याएवढी होते तेव्हा पायातल्या आवाजाचा मला केवढा अभिमान होता! पण तिचं वाक्य डोक्यातून जात नाही. आवाज होऊ नये म्हणून सासरी मी किती वर्षं पाय दाबून चालले, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मोबाईल दोघींत एक. नंबर माझा, डीपीवर ती. गटातले मेसेज तीच वाचून दाखवते, मी सांगते तसं उत्तर लिहिते. मंगळवारी रात्री मात्र मी न सांगता तिने लिहिलं.

बुधवारी वावरात शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं केलं वं, बोलली तू." मला काहीच कळेना. धुऱ्यावर ठेवलेला मोबाईल उघडला. 'गटाच्या पाच नियमांत, पंचसूत्रीत, नियमित हिशेब लिहिणं आहे. ऑगस्टपासून बैठकीत वही वाचून दाखवली नाही. शनिवारी दाखवावी, ही विनंती.' आणि खाली तीन बायांचे अंगठे.

संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. माझं नाव वापरायला तुले कोण सांगितलं? ती जागची हलली नाही. "शब्द तर तुझेच हायेत. रोज चुलीपाशी तू हेच म्हणते, फक्त आम्हालेच ऐकवते."

रागात तिच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला आपटला. वरच्या वहीवर नजर गेली. तिचं नाव, मग माझं, मग बापाचं, मग आडनाव. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर नाव असंच लागणार आहे. ही २००८ची, हिच्यासाठी तो नियम नाही. तिने आपल्या मनानेच लिहिलं. आणि लिहिलेलं माझं नाव आधारवरचं नव्हतं. माहेरचं होतं.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी १९ वर्षांची होते. जुनं नाव त्यानंतर फक्त दहावीच्या गुणपत्रिकेवर उरलं, आणि ती लोखंडी पेटीच्या तळाशी, साड्यांखाली. म्हणजे पोरीने पेटीही उघडली होती, तीही न विचारता. पण पुढे रागवायला मला शब्द सापडले नाहीत. वही उचलली, पदराने पुसली आणि जागेवर ठेवली.

आज निघताना पाहिलं तर सीट आधीच खाली केलेली होती.

बैठकीत अकरा जणी. 'तो मेसेज पोरीने टाकला, मला माहीत नव्हतं,' एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. वाटेत तेच घोळवत होते. सचिव बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, हो, मीच विचारलं, वही वाचा. आवाज कापत होता, हात मांडीखाली दाबून धरले होते. वही उघडली. खोटं काही नव्हतं, हे लिहिलंच पाहिजे. ऑगस्टपासूनच्या नोंदी सुट्या कागदांवर पडून होत्या, आणि माझाच ऑक्टोबरचा हप्ता चढवायचा राहिला होता. बाईंनी तो समोर चढवला. मी सही केली.

घरी आले तर पोरगी भाकरी टाकत होती. तव्यावरून नजर न काढता तिने सगळं ऐकलं. कोण काय बोललं, मी नेमकं काय म्हटलं, तेही दोनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "सही कोणत्या नावानं केली?"

"आधारवरच्या."

ती काही बोलली नाही. शेवटची भाकर उतरवली, पडवीतला पाना घेतला आणि सीट वर करायला बसली.