जर्मनीतलं पहिलं सेमिस्टर: परीक्षेला नाव द्यायचं की नाही?

सोलापुरात इंजिनिअरिंग करताना परीक्षेचा फॉर्म हा विचार करायचा विषयच नव्हता. नोटीस लागली की सगळ्यांनी सगळे विषय भरायचे. तारीख हुकली तर लेट फी, तीही हुकली तर सुपर लेट फी. विषय राहिला तर केटी. पुढच्या वेळी पुन्हा फॉर्म, पुन्हा पैसे, आणि घरी चार दिवस तोंड लपवून बसायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात आले, तेव्हा माझ्या डोक्यात हीच व्यवस्था होती. पहिल्याच महिन्यात वरच्या वर्गातल्या कऱ्हाडच्या एका दादाने सांगितलं, "इथं फॉर्म भरण्याआधी अभ्यास कर. आपल्याकडं उलटं असतंय."

त्याचं म्हणणं कळायला मला डिसेंबर उजाडला. आधी पैशांचं सांगते, कारण घरून निघताना सगळे तेवढंच विचारतात.

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे अर्धंच खरं आहे. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत ट्युशन फी नाही. पण बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता आपल्यासारख्यांकडून फी घ्यायला सुरुवात केली आहे. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागतात, म्हणजे रुपयांत बारा लाखांच्या वर. पैसे आपलेच, पण महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. त्यातूनच खोलीचं भाडं, दीडशे युरोंच्या आसपास आरोग्य विमा आणि घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी. घरात टीव्ही नसला तरी ती द्यावीच लागते. आम्ही तिघी एका घरात राहतो, म्हणून ती तिघींत वाटली जाते.

याशिवाय विद्यापीठाला दर सेमिस्टरला एक वेगळी वर्गणी भरायची. तिच्यात कँटीन-वसतिगृह चालवणारी संस्था, विद्यार्थी संघटना, लोअर सॅक्सनीत ७५ युरो प्रशासकीय शुल्क, आणि सगळ्यात मोठा वाटा प्रवासाच्या तिकिटाचा. देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्राम यांचं जे मासिक तिकीट इतरांना जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना पडतं, ते विद्यार्थ्यांना साठ टक्के किमतीत मिळतं. सोलापूर-पुणे पासाची सवय असलेल्या माणसाला हे पैसे देताना अजिबात दुखत नाही.

दुखतं ते तारखेचं. ही वर्गणी फक्त फी नाही. ती भरली म्हणजे "मी पुढच्या सेमिस्टरलाही आहे" असं विद्यापीठाला कळवलं, असा तिचा अर्थ. याला रुकमेल्डुंग म्हणतात. उन्हाळी सेमिस्टर एक एप्रिलला सुरू होतं, पण पैसे भरायची मुदत थंडीतच, नेमकी परीक्षांच्या तोंडावर येते. मुदत म्हणजे पैसे पाठवायची नव्हे, विद्यापीठाच्या खात्यात जमा व्हायची. मध्ये शनिवार-रविवार आला तर तुमचं नशीब. दंड भरून काही आठवडे सवलत मिळते, त्यानंतर सरळ नाव कमी. नाव कमी झालं की विद्यार्थी विमा, तिकीट, विद्यार्थी म्हणून मिळालेली नोकरी आणि राहण्याचा परवाना, सगळ्यांवर एकदम गदा येते. ऑफिसातून कुणी फोन करत नाही. विद्यापीठाच्या मेलवर एक पत्र येतं, तेही जर्मनमध्ये. मी जानेवारीच्या सुरुवातीलाच भरून टाकलं, आणि पैसे पाठवताना संदर्भ म्हणून नावाऐवजी विद्यार्थी क्रमांक टाकला. तो क्रमांक नसला तर पैसे कुणाचे हे शोधण्यातच त्यांचा आठवडा जातो.

आता परीक्षा. वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं इथे नाही. हजेरी बहुतेक विषयांत कुणी घेत नाही, पंच्याहत्तर टक्क्यांची भानगड नाही. पण प्रत्येक परीक्षेसाठी पोर्टलवर स्वतः नाव नोंदवायचं, आणि नोंदवलं की संधी मोजायला सुरुवात. आमच्याकडे एका विषयाला तीन संधी. तिसऱ्यांदाही नापास झालात तर विषय नाही, पदवीच जाते, आणि तीच पदवी जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात करायचा रस्ताही बहुधा बंद होतो. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे केटी नाहीच?" केटी आहे बाबा, पण दोनदाच.

सेमिस्टरला तीस क्रेडिट करायचे असा कागदावरचा हिशोब, म्हणजे पाच-सहा विषय. पहिल्या सेमिस्टरला ते सगळे भरण्याचा मोह प्रत्येक भारतीय मुलाला होतो, कारण आपल्याला विषय सोडण्याची सवय नाही. मी पाच भरले. पण आमच्या विभागात परीक्षेच्या सात दिवस आधीपर्यंत पोर्टलवरूनच नाव मागे घेता येतं. कारण द्यावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, संधीही मोजली जात नाही. फेब्रुवारीत कंटिन्यूअम मेकॅनिक्सचे जुने पेपर सोडवायला घेतले आणि दीड तासाच्या पेपरला मला तीन तास लागत होते. मी तो विषय मागे घेतला. घरी सांगितलं नाही. "पेपर दिला नाही" हे वाक्य आमच्या घरात उच्चारता येत नाही.

मुदत संपल्यावर मात्र दोनच वाटा: परीक्षा द्या किंवा डॉक्टरचा दाखला आणा. माझ्यासोबत राहणाऱ्या हैदराबादच्या मुलीला परीक्षेच्या सकाळी ताप होता. ती आपल्या पद्धतीने गोळी घेऊन निघालीच होती. आम्ही तिला अडवलं. आजारी असताना बसलात आणि नापास झालात तर ती संधी गेली, नंतर दाखला दाखवून उपयोग नाही. ती त्याच दिवशी डॉक्टरकडे गेली, दाखला तीन दिवसांच्या आत परीक्षा कार्यालयात दिला, विषय पुढे गेला.

गुणांची गंमत अशी की इथे १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास आणि ५.० नापास. पास झालात की तो विषय संपला. श्रेणी सुधारायला सहसा पुन्हा बसता येत नाही. ३.७ मिळाले तर ते ३.७ पदवीपर्यंत सोबत येतात. म्हणून दादासारखे जुने लोक तयारी अर्धी असेल तर काठावर पास होण्याच्या भीतीनेही नाव काढून घेतात. मला हे जरा अति वाटतं. राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवताना क्रेडिट किती झाले हेही बघितलं जातं, तिथे "चांगले गुण मिळावेत म्हणून थांबले" हे फारसं चालत नाही.

निकालानंतर उत्तरपत्रिका बघायला बोलावतात, हे मला सगळ्यात आवडलं. गावाकडे फोटोकॉपीचे पैसे, मग पुनर्तपासणीचे पैसे आणि वाट. इथे ठरल्या दिवशी एका खोलीत जायचं, आपला पेपर हातात घ्यायचा, शंका असेल तिथे शिकवणाऱ्या सहायकाला विचारायचं. सगळं विनामूल्य. माझ्या एका उत्तराचे दोन गुण का गेले ते त्याने आकृती काढून समजावलं. गुण वाढले नाहीत, आणि माझीही तक्रार उरली नाही. कंटिन्यूअम मेकॅनिक्सची परीक्षा उन्हाळी सेमिस्टरलाही असते. तिचे जुने पेपर मी त्याच्याकडूनच मागून आणले.