उजनी प्लसमध्ये आली का?

जून संपत आला की आमच्या सोलापुरात पावसापेक्षा उजनी धरणाचीच चौकशी जास्त. चहाच्या टपरीवर, रिक्षात, सगळीकडे एकच, प्लसमध्ये आली का? धरणात साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं 63 च्या आसपास मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळातलं पाणी, पातळी त्याच्या खाली गेली की आकडा मायनसमध्ये. आणि धरण भरतं ते आमच्या पावसानं नाही, पुण्याच्या वर घाटात कोसळतो त्यानं, म्हणून आम्ही आभाळाकडे बघत नाही, दौंडला नदीत किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) चाललंय ते मोबाईलवर बघतो.

उजनी ज्या भीमेवर आहे तिचा भीमाशंकरला उगम, पंढरपुरात तिचीच चंद्रभागा होते, कुडलला सीना येऊन मिळते, पुढं कर्नाटकात जाऊन कृष्णेला. एवढी मोठी नदी जिल्ह्यातून जाते पण पाऊस वर्षाला जेमतेम 550 मिलिमीटर. त्यामुळं नदीकाठ सोडला तर इथलं खरं धरण म्हणजे काळी जमीन.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. तिथल्या काळ्या रानात परतीच्या पावसावर मालदांडी ज्वारी पेरायची, नंतर पाणी द्यायचंच नाही, थंडी, दव आणि जमिनीतली ओल यावर कणीस भरतं. लहानपणी जानेवारीत मामानं भेगेत हात घालायला लावला होता, कोपरापर्यंत गेला आणि बोटांना थंडगार ओल लागली. वर माती दगडासारखी कडक!

शहराचं नशीब मात्र वेगळ्याच गोष्टीनं बदललं. 1860 ला रेल्वे आली, मग 1870 च्या दशकात ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि चादरीचं गाव झालं. शहरातल्या सगळ्या मिलांचे भोंगे बंद पडले तोवर उजनी झाली होती (1980), कॅनॉल आले आणि जिल्हा उसाचा झाला. उसानं घरं बांधली, पोरं शिकली, हे मी नाकारणार नाही. पण 550 मिलिमीटरच्या मुलखात एवढा ऊस, आणि शहरात नळाला पाणी काही दिवसांआड, हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

मामाकडं आता ऊसच आहे. तरी दोन एकर ज्वारी ठेवलीय त्यानं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "कॅनॉलला पाणी नाही आलं तर जनावरांपुढं काय टाकू? कडबा तर पाहिजेच की."