तुम्ही विचारलंत म्हणून: शेवट ठाऊक असलेली थ्रिलर मी पुन्हा का वाचते?

"गुपित फुटलं, कुणी काय केलं ते कळलं. मग त्या पुस्तकात परत वाचण्यासारखं उरतं काय?" वाचून झालेली कादंबरी माझ्या हातात पुन्हा दिसली की हा प्रश्न हमखास येतो. त्यातून ती संथ चालीची सायकॉलॉजिकल थ्रिलर असेल तर विचारणाऱ्याला जास्तच नवल वाटतं. आधीच दोनशे पानं काही घडत नाही, माणसं नुसती एका घरात वावरतात, जेवतात, एकमेकांना टाळतात. आणि आता तर शेवटही ठाऊक.

पहिल्या वेळी मीही तुमच्यासारखीच वाचते. भराभर पानं उलटते, एकेका पात्रावर संशय घेते, दिवा मालवायचा राहून जातो. तेव्हा मी गुपिताच्या मागावर असते. पण अशा घरात आणखी एक माणूस असतं. त्याला गुपित ठाऊक नसतं, तरी काहीतरी बिनसलंय एवढं कळत असतं. नवऱ्याचं बोलणं कमी झालंय, बहीण नजर चुकवतेय. कारण कुणी सांगत नाही, म्हणून ते माणूस आपल्या मनानंच कारण शोधतं, आणि बहुतेक वेळा भलतंच शोधतं. त्यातही स्वतःलाच दोष देणारं. पहिल्या वाचनात आपणही त्याच्याइतकेच अंधारात असतो, त्यामुळे त्याची चूक आपल्याला चूक वाटतच नाही. दुसऱ्या वेळी ती डोळ्यांदेखत घडते. हाक मारून थांबवावंसं वाटतं आणि थांबवता येत नाही. मला खरी भीती तिथे वाटते.

डॅफ्ने द्यू मॉरिए यांच्या 'रिबेका'ची (1938) निवेदिका घ्या. अख्ख्या कादंबरीत तिचं नाव आपल्याला कळत नाही. वयानं लहान, बुजरी, दुसरेपणावर लग्न होऊन मोठ्या घरात आलेली. पहिल्या बायकोचा विषय निघाला की नवरा मिटून जातो. त्या गप्प बसण्याचा ती एक अर्थ लावते, आणि त्या अर्थापायी रोज स्वतःला थोडं थोडं कमी लेखत जाते. तिनं लावलेला अर्थ बरोबर होता का, हे न वाचलेल्यांसाठी इथे सांगत नाही. वाचली असेल तर मधली पानं पुन्हा उघडून बघा. पहिल्यांदा जिथे मत्सर दिसला होता, तिथे एक एकटी पडलेली मुलगी दिसेल.

रूथ रेंडेल यांनी 1977 मध्ये याच्याही पुढचं पाऊल टाकलं. 'अ जजमेंट इन स्टोन'च्या पहिल्याच वाक्यात त्या सगळं सांगून मोकळ्या होतात. कुणी मारलं, कुणाला मारलं, आणि का, तर घरकामाला असलेल्या बाईला लिहितावाचता येत नव्हतं म्हणून. लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. ती ज्या घरात कामाला आहे ते शिकलेलं, पुस्तकांत रमणारं घर. तिथे कागदाचा प्रत्येक कपटा तिला उघडं पाडू शकतो आणि घरच्यांना याची कल्पनाही नाही. ते सहज एखादी चिठ्ठी लिहून ठेवतात आणि पोटात गोळा येतो तो आपल्या. शेवट ठाऊक असून वाचण्यात काय असतं, याचं उत्तर रेंडेलबाईंनी माझ्याआधीच देऊन ठेवलंय.

मानसशास्त्रज्ञ मायकल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये गुपितं बाळगण्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरच्यापासून गुपित लपवायची वेळ माणसावर तशी कमी येते. त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तो आपण होऊन मनातल्या मनात त्याकडे वळत राहतो, आणि त्रास होतो तो त्या वळण्याचा. या प्रकारच्या कादंबऱ्या संथ का असतात, ते मला यातून उमगलं. कुणी काही विचारत नाही, दार बंद आहे, नळ चालू आहे आणि धुतलेलं भांडं हातात तसंच राहिलंय, असा प्रसंग लिहायला पानं लागतात. कच्चा लेखक कुलूपबंद खण, लपवलेला मोबाइल आणि ऐन वेळी दारावर पडणारी थाप यातच अडकतो. काही जण तर निवेदकाच्या मनात सतत घोळत असणारी गोष्ट केवळ शेवटच्या धक्क्यासाठी वाचकापासून दडवतात. दुसऱ्या वाचनात ही लबाडी लगेच पकडली जाते. अशा पुस्तकांचा मला मनापासून राग येतो.

हे सगळं मला इतकं लागतं, त्याला कारण आहे. माझ्या बहिणीनं एकदा तिच्या आयुष्यातली एक गोष्ट माझ्याकडे सोपवली आणि आईला सांगू नकोस म्हणाली. चार वर्षं मी ती सांभाळली. आई अधूनमधून विचारायची, "काय झालंय तुला?" मी म्हणायची, "कुठे काय!" खोटं असं कधी बोलले नाही, म्हणून मनाला खात नव्हतं. फक्त तिच्याजवळ निवांत बसणं टाळायला लागले. बसलं की बोलणं निघतं, आणि बोलण्यातून तो विषय निघेल अशी धास्ती. त्या काळात आईही माझ्याशी बेतानं बोलायला लागली होती. वयानं शांत झाली असेल, असं मी धरून चालले.

शेवटी बहिणीनंच तिला सगळं सांगितलं. आकाश वगैरे काही कोसळलं नाही. आईनं ऐकून घेतलं, बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला वाटायचं, तू माझ्यावर रागावली आहेस."

चार वर्षं ती स्वतःची चूक शोधत होती.

त्यानंतर मी 'रिबेका' पुन्हा वाचायला घेतली. या खेपेला गुपिताकडे किंवा नवऱ्याकडे माझं फारसं लक्षच गेलं नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधणारी ती मुलगी तेवढी दिसत राहिली.