घरात एवढं झालं, तरी तसलंच का वाचतेस?

आत्या, काकू, मामी, तुम्ही सगळ्यांनी हे मला आळीपाळीनं विचारलंय. ताई डेंगीनं गेली, आई अजून धड जेवत नाही, आणि ही पोरगी कॉलेजात मरणाची नाटकं वाचत बसते, पुस्तकात पळते. एकदाच सांगते.

शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ हे नाटक मी शोधून काढलेलं नाही, ते अभ्यासाला होतं. पण हे कारण आता मलाच पटत नाही, कारण परीक्षा झाली तरी मी ते वाचतेच आहे.

म्हातारा राजा तीन मुलींत राज्याची वाटणी करतो. धाकटी कॉर्डेलिया गोड बोलायला नकार देते म्हणून तिला हाकलतो, आणि शेवटी ती त्याच बापासाठी परत येऊन कैदेत पडते. तिला फाशी द्यायचा हुकूम सुटलेला असतो. तिला वाचवू शकतील अशी माणसं तिथंच उभी असतात, पण त्यांचं आपसातलं बोलणं संपत नाही. उशिरा आठवण होते, माणूस धावतो. ‘देव तिचं रक्षण करोत’ असं एक जण म्हणतो, आणि लगेच लिअर तिचं प्रेत हातांवर घेऊन आत येतो.

हा प्रवेश वाचून झाला त्या दिवशी सरांनी दहा मार्कांचा प्रश्न दिला: कॉर्डेलियाच्या मृत्यूला तिचा हट्टी स्वभाव कितपत जबाबदार? शोकांतिकेतला माणूस स्वतःच्या चुकीनं कोसळतो, हे अ‍ॅरिस्टॉटलचं सूत्र तिला लावायचं. सगळे लिहायला लागले. मला मात्र आमची ओसरी ऐकू येत होती. ‘ताप अंगावर काढला तिनं.’ ‘हट्टीच होती, कुणाचं ऐकायची नाही.’ ‘पेशी आधीच तपासल्या असत्या तर...’ तुम्हीच बोलत होतात, आणि आई आत बसून ऐकत होती. मी उभी राहिले. ‘सर, ती हट्टानं मेली नाही. माणूस उशिरा पोचला म्हणून मेली.’ सर म्हणाले, हे पेपरात चालणार नाही. ते उत्तर मी लिहिलं नाही. एसटी स्टँडपर्यंत रडत गेले. घरी रडता आलं नव्हतं, कारण घरी कुणी रडायला लागलं की कुणीतरी ‘सुटली बिचारी’ म्हणायचं.

लिअर आरसा मागतो, तिच्या ओठांशी पीस धरतो, ते हललं म्हणतो. बाबाही ताईचा हात धरून ‘अजून गरम आहे’ म्हणत होते. त्यांना आपण सगळ्यांनी गप्प केलं. लिअरला कुणी गप्प करत नाही. तो पाच वेळा ‘नेव्हर’ म्हणतो आणि बाकीचे ऐकून घेतात. त्याला आता जाऊ द्या, असं त्याचा विश्वासू सरदार केंट म्हणतो खरा, पण ते म्हाताऱ्या लिअरबद्दल. कॉर्डेलियाबद्दल तसं कुणीच म्हणत नाही.

असलं दुःखाचं वाचू नये, हे तुमचं म्हणणं खोटं आहे, असं मी आधी ठासून सांगायचे. आता तसं सांगवत नाही. 1681 मध्ये नेहम टेट नावाच्या लेखकानं हा शेवटच बदलला. कॉर्डेलिया जगते, तिचं लग्न होतं. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षं हाच सुखाचा शेवट चालला. सॅम्युअल जॉन्सन एवढा विद्वान, पण तिच्या मरणाचा त्याला इतका धक्का बसला होता की संपादनासाठी भाग पडेपर्यंत ते शेवटचे प्रवेश आपण पुन्हा वाचले की नाही, हेही त्याला सांगता येईना. मग तुम्हाला नको वाटलं तर त्यात नवल काय?

पण पुस्तकात पळते, हे मी मान्य करणार नाही. इंग्रज कवी कीट्सच्या नाइटिंगेल पक्ष्यावरच्या कवितेलाही आमच्या नोट्समध्ये ‘पलायनवाद’ म्हटलंय. त्यानं धाकट्या भावाची, टॉमची, क्षयात शुश्रूषा केली. टॉम डिसेंबर 1818 मध्ये गेला, आणि पुढच्या वसंतात ही कविता आली. तरुण माणूस फिका पडत, वाळत मरतो, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. पळणारा माणूस ती ओळ लिहील?

तरी कधी कधी वाटतं, नाटकातल्या मुलीसाठी रडणं सोपं आहे म्हणून मी तिच्यासाठी रडते. तसं नाही, हे मला सिद्ध करता येत नाही.

आईला एकदा गोष्ट सांगितली. तिनं एवढंच विचारलं, ‘त्या पोरीची आई कुठंय?’ नाटकात ती नाहीच. का नाही, ते मला सांगता आलं नाही आणि नोट्समध्येही नव्हतं. पुढच्या वर्षीही मी इंग्रजीच घेतेय. फॉर्म भरून झालाय.