विषाणू गेला तरी सिरोसिस राहतो

औषधं संपून 12 आठवडे झाले, आरएनए तपासणीत हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला नाही, की फाइल माळ्यावर जाते. तिथेच घोटाळा होतो. सोफोसबुव्हिर-वेल्पाटास्विर या गोळ्यांनी विषाणू मरतो. आधीच सिरोसिस झालेलं, म्हणजे व्रण पडून कडक झालेलं लिव्हर मात्र लगेच मऊ होत नाही. कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून दर 6 महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, शक्यतो सोबत एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरची खूण पाहणारी रक्ततपासणी), ही कायमची. अँटिबॉडी टेस्ट जन्मभर पॉझिटिव्ह येते, ती जुन्या संसर्गाची खूण असते, त्याला घाबरू नका. हिपॅटायटिस बीचं गणित वेगळं: सिरोसिसमध्ये विषाणू दाबून ठेवणारं एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर मनाने थांबवलं तर विषाणू उसळतो आणि लिव्हर कोसळू शकतं.

पोटात पाणी होत असेल तर खरी लढाई मिठाशी. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यातच पापड, लोणचं, फरसाण, सुकट सगळं आलं. सैंधवाने काही वाचत नाही, तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मीठ तर त्याहून वाईट: त्यात पोटॅशियम असतं आणि पोटातलं पाणी उतरवण्यासाठी दिलेली स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळीही पोटॅशियम वाढवते. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन लिहा. पायांना सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त घट नको. जास्त झाली तर किडनीवर ताण येतो, डॉक्टरांना डोस विचारा. एका वेळी 5 लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर प्रत्येक लिटरमागे सुमारे 8 ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) शिरेतून द्यावं लागतं. खर्च मोठा आहे, पण ते टाळणं किडनीला महागात पडतं.

सिरोसिसमध्ये मेंदूवर परिणाम होऊन माणूस गोंधळतो, त्यासाठी लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध देतात. त्याचा डोस चमच्यांनी नाही, शौचाने ठरतो: दिवसाला 2 ते 3 मऊ. जुलाब लागले तर शरीरातलं पाणी कमी होऊन गोंधळलेपण उलट वाढतं. दिवसा झोप, रात्री जाग, सही बदलणं ही या गोंधळाची सुरुवातीची लक्षणं घरच्यांना आधी दिसतात. झोपेची गोळी तर अजिबात नको.

‘लिव्हर खराब आहे, प्रथिनं बंद’ हा सल्ला अजून घराघरांत फिरतो आणि स्नायू खाऊन टाकतो. किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत. 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. नुसत्या वरणभाताने ते होत नाही. दूध, पनीर, अंडी, मासे, सोयाबीन लागतंच. झोपण्यापूर्वी काहीतरी खा, कारण असं लिव्हर रात्रभराचा साखरेचा साठा धरू शकत नाही आणि शरीर स्नायू मोडायला घेतं.

अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. रक्तस्राव आणि किडनी, दोन्हींचा धोका. पॅरासिटामॉल दिवसाला 2 ग्रॅमच्या आत चालतं. गुळवेलीचा काढाही नको. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यामुळे लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत. काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी: यातलं काहीही झालं तर सकाळची ओपीडी पाहू नका, त्याच रात्री इमर्जन्सी गाठा.