हलकी ट्यूब आणि न सापडणारी गळती

सायकलच्या दोन्ही चाकांत प्लास्टिकच्या हलक्या ट्यूब बसवायला मला पाऊण तास लागला. त्यांपैकी मागच्या ट्यूबची हवा रात्रभरात जाते कुठे, हे शोधण्यात मात्र चार दिवस गेले. खोक्यात आलेल्या घडीच्या कागदावर चार चित्रे होती आणि टायरच्या बाहेर ट्यूब फुगवू नका, असा एक ठळक इशारा होता. पण हवा गळू लागली तर गळतीची जागा शोधायची कशी, याबद्दल त्यावर अवाक्षरही नव्हते. त्या कागदावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही आणि ज्यांनी अशा ट्यूब नुकत्याच घेतल्या आहेत त्यांचे चार दिवस वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या ट्यूब टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, या प्लास्टिकच्या असतात. माझ्या जुन्या ब्यूटाइल रबराच्या ट्यूबचे वजन काट्यावर 104 ग्रॅम भरले आणि नवीचे 36 ग्रॅम. घडी घातलेली नवी ट्यूब मुठीत मावते, अर्धपारदर्शक दिसते आणि बोटांत चुरगळली की पातळ पिशवीसारखी सळसळते. रबर ताणले की पुन्हा आपल्या मापावर येते. हे प्लास्टिक फार ताणले जात नाही आणि एकदा ताणले गेले की बऱ्याच अंशी तसेच राहते. बाहेर जोरात फुगवलेली ट्यूब कायमची मोठी होते आणि मग टायरमध्ये तिला चुण्या पडतात. कागदावरच्या इशाऱ्याचे कारण हेच. म्हणून ट्यूबवर छापलेले माप आणि आपल्या टायरचे माप नीट जुळलेच पाहिजे. माझे टायर 700 बाय 28 चे असल्याने ती रुंदी सामावणारी ट्यूब मी घेतली होती.

पुढच्या चाकाबद्दल सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. ट्यूबला गोलाई येण्यापुरती हवा भरली, ती टायरमध्ये सरकवली आणि टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवली. शेवटची वीतभर कड घट्ट वाटते. तेव्हा आधी चढवलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत दाबत आणली, की आवश्यक तेवढी ढील मिळते आणि उरलेली कड अंगठ्यांनी चढते. येथे टायर लीव्हर, म्हणजे टायरची कड उचकटायची पट्टी, वापरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण रिम आणि लीव्हर यांच्यामध्ये ही ट्यूब चिमटली तर ती हमखास फाटते. शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून पुन्हा बाहेर ओढावा, म्हणजे त्याच्या बुडाशी असलेला जाड भाग कडेखाली अडकून राहत नाही. मागचे चाकही मी याच पद्धतीने बसवले आणि 75 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरून समाधानाने झोपले.

सकाळी मागचे टायर अंगठ्याने दाबल्यावर आत गेले. पंपाच्या काट्यावर जेमतेम 40 दिसत होते. माझ्या पंपाची नळी व्हॉल्व्हवर फिरवून बसवायची असल्याने ती काढताना व्हॉल्व्हचा आतला गाभा सैल झाला असावा, अशी पहिली शंका आली. अशा पंपाने हे खरोखरच घडते, त्यामुळे गाभा आवळण्याची छोटी किल्ली जवळ ठेवणे चांगले. मी गाभा आवळला, हवा भरली आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ होईपर्यंत थांबले. काटा पुन्हा चाळिशीतच होता.

मग साबणाचे पाणी करून रिमवर जिथे जिथे शक्य आहे तिथे लावले. व्हॉल्व्ह रिममधून जिथे बाहेर येतो, नेमक्या त्याच छिद्रातून बारीक फेस वर आला आणि ट्यूब व व्हॉल्व्ह यांचा सांधाच निकामी आहे, असा निष्कर्ष मी काढला. विक्रेत्याला तसे कळवलेही. बसवताना झालेले नुकसान भरून दिले जात नाही, एवढेच एका ओळीचे उत्तर आले. त्या उत्तराने संताप आला, पण माझा निष्कर्षही चुकीचाच होता. ट्यूब कुठेही फुटलेली असली तरी गळणारी हवा टायर आणि रिम यांच्या पोकळीत पसरते आणि सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे बहुधा व्हॉल्व्हच्या छिद्रातूनच, बाहेर पडते. त्या छिद्राशी दिसणारा फेस गळती आहे एवढेच सांगतो. ती कुठे आहे हे सांगत नाही. व्हॉल्व्हचे तोंड पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून पाहिले असते, तर गाभ्याबद्दलची शंका पहिल्याच दिवशी मिटली असती. ते मी नंतर केले आणि एकही बुडबुडा आला नाही.

ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली, तेव्हा खरी अडचण समोर उभी राहिली. रबराची ट्यूब टम्म फुगवून पाण्यात फिरवली की सुईएवढे छिद्रसुद्धा लगेच बोलते. या ट्यूबमध्ये बाहेर तेवढी हवा भरताच येत नाही आणि दोन-चार दट्ट्यांच्या हवेवर बारीक छिद्र मिटून राहते. मी संपूर्ण ट्यूब दोनदा पाण्यातून फिरवली, ओल्या गालाजवळ धरून पाहिली, कानाशी लावली, पण काहीच सापडले नाही. कदाचित बसवताना कुठे चुणी पडली असेल, अशी मनाची समजूत घालून ट्यूब पुन्हा चढवली. तिसऱ्या सकाळी काट्यावर 38 होते.

अखेर चौथ्या दिवशी जी युक्ती कामाला आली, ती अशी. ट्यूबमध्ये थोडीच हवा ठेवून तिचा वीतभर तुकडा दोन्ही टोकांना दुमडून मुठींत पक्का धरायचा आणि मुठी एकमेकींकडे आणत तो दाबायचा. तेवढ्याच भागातला दाब वाढतो आणि बाकीची ट्यूब ताणली जात नाही. असा एकेक तुकडा पाण्याखाली धरून मी पुढे सरकत गेले. ट्यूबचा साधारण तिसरा हिस्सा झाला असेल, तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा पृष्ठभागाला चिकटून उभा राहिला, सुटला आणि मी दहा आकडे मोजल्यावर दुसरा आला.

ट्यूब पुसून उजेडात धरली. रिमकडच्या बाजूला शर्टाच्या बटणापेक्षा थोडा लहान असा गोल फुगवटा होता आणि त्याच्या एका काठावर नखाने उमटवल्यासारखी चंद्रकोर होती. छिद्र त्या कोरेवरच होते. व्हॉल्व्हपासून त्या जागेपर्यंतचे अंतर दोरीने मोजून तेवढेच अंतर रिमवर दोन्ही दिशांना मोजले. एका बाजूला रिमची टेप, म्हणजे आऱ्यांची छिद्रे झाकणारी आतली पट्टी, दोन मिलीमीटर सरकलेली होती आणि तिच्याखालून आऱ्याच्या छिद्राची धारदार कड उघडी पडली होती. जाड रबराच्या ट्यूबने ती कड किती दिवस सोसली, कोण जाणे. पातळ प्लास्टिक मात्र दाबाखाली त्या छिद्रात उतरले आणि काठावर कापले गेले. हे प्लास्टिक मूळ आकारावर परत येत नाही, म्हणूनच तो फुगवटा तसाच राहिला आणि दोषाची जागा दाखवून गेला. त्यामुळे आता ट्यूब बाहेर काढली की पाण्यात घालण्याआधी मी तिची आतली बाजू उजेडात निरखते.

मी जुनी टेप काढली, चिकटा पुसला, छिद्राची कड बारीक पॉलिश पेपरने मोडली आणि आऱ्यांची सर्व छिद्रे दोन्ही बाजूंना पुरेशी झाकली जातील एवढ्या रुंदीची नवी टेप ताणून बसवली. ठिगळाच्या बाबतीत मात्र आणखी एक संध्याकाळ वाया गेली. नेहमीचे सोल्यूशन आणि रबराचे ठिगळ लावले, तर ते काही तासांनी नखाने सोलून निघाले, कारण ते सोल्यूशन रबराशी एकजीव होण्यासाठी असते आणि या प्लास्टिकवर त्याचा इलाज चालत नाही. या ट्यूबसाठी वेगळी ठिगळे मिळतात. जागा स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळू देऊन, ती काही मिनिटे दाबून धरावी लागतात. ट्यूब घेतानाच ती घेऊन ठेवावीत.

एक महत्त्वाची गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. रिमवर घासणारे ब्रेक असतील, तर लांब उतारावर रिम तापते आणि उष्णतेने हे प्लास्टिक मऊ पडते. काही ट्यूब केवळ डिस्क ब्रेकसाठीच असतात, त्यामुळे खोक्यावरची सूचना वाचूनच ट्यूब निवडावी. तसेच सोबत बाळगायची जादा ट्यूब अवजारांबरोबर मोकळी टाकू नये. खोगिराखालच्या पिशवीत पान्याशी घासून ती न वापरताच निकामी होऊ शकते. मी ती सुती कापडात गुंडाळून ठेवते.

नव्या टेपवर ठिगळ लावलेली ट्यूब बसवल्यानंतरच्या सकाळी काट्यावर 74 दिसले, तेव्हा मला किती हायसे वाटले ते सांगता येत नाही. त्याच दिवशी मी पुढचे चाकही उघडले, जरी त्याची काहीच तक्रार नव्हती. तिथली टेप एका ठिकाणी सरकू लागली होती आणि ट्यूबवर फिकट गोल खूण उमटली होती, पण छिद्र पडले नव्हते. तीही टेप बदलून टाकली.