पत्ता चुकलेला बूटलोडर

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते स्वयंपाकघरात दिसावं, ही आईची फर्माईश. म्हणून ईएसपी३२-सी३ या वाय-फायवाल्या छोट्या चिपचा बोर्ड आणला.

पहिला तास केबलनेच खाल्ला. बोर्डावरचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला पोर्ट दिसत नाही! ती केबल नुसती चार्जिंगची. आत डेटाच्या तारा नाहीतच. आता तिला लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय. मग लॅपटॉपवरच्या उबुंटू लिनक्सचं 'परमिशन डिनाइड', म्हणजे पोर्ट वापरायला मनाई. पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या डायलआउट ग्रुपमध्ये स्वतःला घातलं, लॉगआउट करून परत आलो, मिटलं.

खरी गंमत पुढे. फ्लॅश, म्हणजे बोर्डावरची मेमरी, आधी पूर्ण पुसली, मग नवं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाचा प्रोग्राम, चढवलं. शंभर टक्के. बोर्डाचे संदेश दाखवणारा मॉनिटर उघडला तर 'इनव्हॅलिड हेडर' ही एकच ओळ धबधब्यासारखी. बूटचं बटण दाबून रीसेट, पुन्हा फ्लॅश, पुन्हा तेच. दुसरा बोर्ड मागवायच्या बेतात होतो.

रात्री साडेअकराला ट्यूब पेटली. कमांड मी जुन्या ईएसपी३२ च्या वहीतून जशीच्या तशी उतरवली होती. त्या चिपमध्ये बूटलोडर, म्हणजे आधी चालून ॲप सुरू करणारा छोटा प्रोग्राम, फ्लॅशमध्ये हेक्स (सोळाच्या पायाची मोजणी) १००० या पत्त्यावर बसतो; सी३ मध्ये थेट शून्यावर. चिपच्या रॉममधला कायमचा कोड बूटलोडर शोधायला शून्यावर बघत होता, आणि तिथे कोरी फ्लॅश, नुसते एफएफ (पुसलेल्या जागेत हेच असतं). पार्टिशन टेबल, म्हणजे फ्लॅशच्या वाटण्यांची यादी, हेक्स ८००० वर, ॲप हेक्स १०००० वर. हे दोन्हींकडे सारखंच, म्हणून संशयच आला नाही. चिप बनवणाऱ्यांच्याच 'आयडीएफ' या साधनसंचाच्या फ्लॅश कमांडने पत्ते आपोआप लावले असते. पण मला फ्लॅश लिहिणारं ईएसपीटूल हाताने चालवायची खाज!

सकाळी आई म्हणाली, "झालं का रे? मी आपली वर जाऊन बघून आले. अर्धी आहे."